नव्या कॉम्प्युटरवर गाणी आली, पण वाजत नाहीत, प्लेलिस्ट रिकाम्या: काय तपासायचे आणि कोणत्या क्रमाने

लक्षणे

गाण्यांचा फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर कॉपी झाला, प्लेअर टाकला, आणि मग यांपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसतात:

- यादीत गाणी आहेत, पण नावाशेजारी उद्गारचिन्ह आहे. वाजवायला गेले की 'मूळ फाइल सापडली नाही' असा निरोप येतो.
- गाणी वाजतात, पण प्लेलिस्ट रिकाम्या आहेत किंवा निम्म्याच भरल्या आहेत.
- सगळी गाणी 'आज जमा झाली' असे दिसते. गाण्यांना दिलेल्या चांदण्या (स्टार रेटिंग) पुसल्या आहेत, किती वेळा ऐकले तो आकडा शून्यावर आला आहे.
- प्रत्येक गाणे दोनदा दिसते.
- देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग किंवा भलतीच चिन्हे आहेत.
- एकाच अल्बमचे आठ-दहा तुकडे झाले आहेत, चित्रे गायब आहेत.
- फाइलींची संख्या जुळत नाही. वीस-पंचवीस कमी, आणि कोणत्या ते कळत नाही.
- कॉपी एका ठिकाणी जाऊन अडकून बसते.

हात लावण्याआधी

संग्रह म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक, गाण्यांच्या फाइली. दुसरी, प्लेअरची नोंदवही, म्हणजे ज्याला प्लेअर 'लायब्ररी' म्हणतो ती डेटाबेस फाइल. प्लेलिस्ट, बहुतेक प्लेअरमधल्या चांदण्या, ऐकल्याचे आकडे, गाणे कधी जमा झाले ती तारीख, हे सगळे नोंदवहीत असते, गाण्यात नाही. आणि नोंदवही प्रत्येक गाण्याला त्याच्या पूर्ण पत्त्याने ओळखते: कोणता ड्राइव्ह, कोणता फोल्डर, कोणती फाइल. पत्त्यातले एक अक्षर बदलले तरी तिच्या दृष्टीने ते गाणे हरवले. वरच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचे मूळ इथेच निघते.

म्हणून तीन गोष्टी आत्ताच टाळा. 'न सापडणारी गाणी यादीतून काढा' हे बटण दाबू नका. त्याने फाइली जात नाहीत, पण त्यांच्याशी जोडलेल्या चांदण्या आणि प्लेलिस्टमधल्या जागा जातात. वैतागून सगळा फोल्डर पुन्हा प्लेअरमध्ये ओढून टाकू नका, कारण दुबार गाणी बहुतेक वेळा अशीच तयार होतात. आणि जुना कॉम्प्युटर पुसू नका, विकू नका, कोणाला देऊ नका. निदान महिनाभर तरी तो जसा आहे तसा राहू द्या. फोनवर गाणी सिंक करत असाल तर तोही अजून नव्या कॉम्प्युटरला जोडू नका. नवी, अर्धवट लायब्ररी पाहून प्लेअर 'फोनवरचे पुसून सिंक करू का' असे विचारतो आणि घाईत 'हो' दाबले जाते.

१. जुन्या कॉम्प्युटरवर गाणी खरोखर होती का?

हसू येईल, पण सुरुवात इथून करा. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटे. म्युझिक फोल्डर वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडसारख्या सेवेशी जोडलेला असेल, तर फाइलचे नाव दिसते पण माल ढगात असतो. विंडोजवर अशा फाइलीशेजारी ढगाचे चिन्ह असते. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'साइज' व 'साइज ऑन डिस्क' हे दोन आकडे बघा. पहिला ४० जीबी आणि दुसरा जेमतेम काही एमबी, असे असेल तर कॉपी झाल्या त्या पाट्या, दुकान नव्हे. जुन्या कॉम्प्युटरवरच त्या फोल्डरला 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' लावा, सगळे उतरू द्या, मग पुन्हा कॉपी करा.

आयट्यून्स किंवा म्युझिक ॲपमध्ये विकत घेतलेल्या पण न उतरवलेल्या गाण्यांशेजारीही ढगाचे चिन्ह दिसते. तीही उतरवून घ्या. स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'ऑफलाइन' साठवलेली गाणी मात्र या हिशेबात धरूच नका. त्या फाइली कुलूपबंद असतात. नव्या कॉम्प्युटरवर त्याच खात्याने लॉग-इन करून पुन्हा उतरवायच्या, दुसरा मार्ग नाही.

२. मोजा

दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्समधला पूर्ण आकडा बघा. जीबीमधला गोल आकडा उपयोगाचा नाही. साध्या ३२० केबीपीएस एमपी३ गाण्याला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे ६० जीबीच्या संग्रहात पाच-सात गाणी कमी असली तरी गोल आकड्यात ती दिसणार नाहीत.

संख्या नव्या बाजूला जास्त निघाली तरी दचकू नका. मॅकवरून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी केले की प्रत्येक गाण्याबरोबर त्याच नावाची, सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेली एक छोटी फाइल तयार होते. मॅकवर ती लपलेली असते, विंडोजवर उघडी पडते. तिच्या नावाच्या शेवटीही एमपी३ असल्याने प्लेअर तिला गाणे समजतो आणि ती वाजत नाही. 'निम्मी गाणी खराब झाली' म्हणून जी ओरड होते तिच्यात बऱ्याचदा हेच असते. टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या, काही केबींच्या या फाइली शोधून नव्या बाजूच्या उडवून द्या. गाण्यांना धक्का लागत नाही.

संख्या कमी असेल तर आधी पाचव्या मुद्द्याकडे जा.

३. एका गाण्याचा पत्ता वाचा

उद्गारचिन्ह असलेले कोणतेही एक गाणे घ्या. प्लेअरमध्ये त्याच्या माहितीच्या खिडकीत फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. समजा तिथे आहे:

डी:\गाणी\नाट्यगीते\०४.एमपी३

आणि नव्या कॉम्प्युटरवर फाइल प्रत्यक्षात आहे:

ई:\गाणी\नाट्यगीते\०४.एमपी३

फरक एका अक्षराचा. अशा वेळी हजारो गाण्यांचे पत्ते नोंदवहीत बदलत बसण्यापेक्षा घरालाच जुना पत्ता द्यावा, ते सोपे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' ने ई चे डी करा आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. डी हे अक्षर दुसऱ्या कशाने अडवले असेल, तर आधी त्याला दुसरे अक्षर द्यावे लागेल. ज्या ड्राइव्हवर विंडोज किंवा इतर प्रोग्राम बसवलेले आहेत त्याचे अक्षर मात्र बदलायचे नाही.

दुसरा नेहमीचा घोळ युझरच्या नावाचा. जुन्या कॉम्प्युटरवर पत्ता 'सी:\युझर्स\जुनेनाव\म्युझिक' असा आणि नव्यावर 'नवेनाव'. इथे युझर्स फोल्डरमध्ये जुन्या नावाचा साधा फोल्डर तयार करून त्यात म्युझिक फोल्डर ठेवला तरी चालते. त्याहून नेटके म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधल्या 'एमकेलिंक' (mklink) या आज्ञेने जुन्या पत्त्यावरून नव्या फोल्डरकडे जंक्शन, म्हणजे एक आडवाट, टाकणे. फाइली एकाच जागी राहतात आणि दोन्ही पत्ते चालतात. त्यासाठी ॲडमिन अधिकार लागतात.

मॅकवर बाहेरच्या डिस्कचे नाव हाच पत्त्याचा भाग असतो. जुनी डिस्क ज्या नावाने होती तेच नाव नवीला द्या. मात्र दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असतील तर दुसरीच्या पत्त्यात मॅक गुपचूप १ हा आकडा जोडतो, आणि पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात. जुनी काढा, मग तपासा.

४. नोंदवही आणली का?

गाणी वाजतात पण चांदण्या, तारखा, प्लेलिस्ट नाहीत, याचा अर्थ नव्या प्लेअरने स्वतःची कोरी नोंदवही उघडली आहे. जुनी अजून जुन्या कॉम्प्युटरवर आहे. म्हणून तर तो पुसू नका म्हटले.

ती कुठे सापडते ते प्लेअरवर अवलंबून. आयट्यून्सची नोंदवही म्युझिकमधल्या आयट्यून्स फोल्डरात, आयटीएल एक्स्टेन्शनची. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून आयट्यून्सच्या जागी म्युझिक ॲप आले. त्याची लायब्ररी म्युझिक फोल्डरातल्या म्युझिक नावाच्याच फोल्डरात असते. म्युझिकबीची एमबीएल एक्स्टेन्शनची फाइल. फूबार२००० आपले सगळे सामान ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात ठेवतो, आणि हा ॲपडेटा विंडोजवर लपलेला असतो. फक्त म्युझिक फोल्डर उचलून आणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

कॉपी करताना दोन्हीकडचा प्लेअर पूर्ण बंद हवा. चालू प्लेअरची नोंदवही अर्धवट लिहिलेली असू शकते, आणि अर्धवट नोंदवही कोऱ्या नोंदवहीपेक्षा वाईट. नव्या कॉम्प्युटरवरचा प्लेअर जुन्याइतक्याच किंवा पुढच्या आवृत्तीचा असावा. नव्या आवृत्तीने लिहिलेली लायब्ररी जुनी आवृत्ती उघडत नाही.

आयट्यून्स वापरणाऱ्यांनी कॉपीच्या आधी जुन्या कॉम्प्युटरवर फाइल मेन्यूतल्या लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी इथे जाऊन 'कन्सॉलिडेट फाइल्स' करावे. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, जुन्या पेनड्राइव्हवर विखुरलेली गाणी त्याने एका फोल्डरात येतात. कॉपी होतात, हलत नाहीत, म्हणून डिस्कवर तेवढी जागा मोकळी आहे का ते आधी बघा. मग तो अख्खा आयट्यून्स फोल्डर उचलून न्या. आत हात न घालता नेला तर बहुतेक वेळा प्लेअर आपणच गाणी शोधतो. नव्या ठिकाणी आयट्यून्स उघडताना विंडोजवर शिफ्ट, मॅकवर ऑप्शन दाबून धरा. कोणती लायब्ररी उघडू असे तो विचारेल, तेव्हा आणलेली दाखवा.

५. नावे: काही फाइली कॉपीच का होत नाहीत

एका सिस्टीमवर चालणारे नाव दुसरीवर चालेलच असे नाही. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तारांकन, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस आणि दोन्ही प्रकारच्या तिरक्या रेघा चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको असते. मॅकवर किंवा लिनक्सवर 'कोण तू?' या नावाचे गाणे सुखाने नांदते, विंडोजवर येताना मागे राहते. उलट बाजूने, लिनक्स इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपात फरक करते, विंडोज सहसा करत नाही. तिकडचे दोन फोल्डर इकडे एक होतात आणि आतल्या सारख्या नावांच्या फाइलींतली एकच उरते.

लांबीचाही प्रश्न असतो. विंडोजवर पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० वर्णांची आहे आणि कित्येक प्रोग्राम आजही तीच पाळतात. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात: 'कीर्तन' हे डोळ्याला तीन-चार अक्षरांचे, कॉम्प्युटरला सहा वर्णांचे. लिनक्सची मर्यादा बाइट्समध्ये आहे. एका नावाला २५५ बाइट्स, आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन, म्हणजे जेमतेम ८५ वर्ण. रागाचे नाव, तालाचे नाव, गायकाचे नाव आणि मैफलीची तारीख सगळे फाइलच्या नावातच कोंबणाऱ्यांची गाणी इथे अडतात. उपाय एकच, जुन्या कॉम्प्युटरवर नावे छोटी करणे. ते प्लेअरच्या आतून केले तर नोंदवहीतला पत्ताही बरोबर बदलण्याची शक्यता जास्त. बाहेरून, एक्सप्लोररमध्ये केले तर तिसऱ्या मुद्द्यातला प्रश्न ओढवून घ्याल.

६. प्लेलिस्टच्या फाइली

प्लेअरच बदलत असाल किंवा विंडोजवरून मॅककडे जात असाल तर नोंदवही सहसा उपयोगी नाही. प्लेलिस्ट वेगळ्या काढून न्याव्या लागतात. त्या साध्या मजकुराच्या फाइली असतात, एका ओळीवर एका गाण्याचा पत्ता. एक्स्टेन्शन एम३यू किंवा एम३यू८.

यातला आठचा आकडा क्षुल्लक नाही. एम३यू अनेक प्लेअर विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे एकेका लिपीच्या अक्षरांच्या तक्त्यात, लिहितात, आणि देवनागरीला असे कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतेच. त्यामुळे प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते आणि मूळ अक्षर कायमचे जाते. ती फाइल कोणीही दुरुस्त करू शकत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर परत जाऊन एम३यू८ म्हणून काढा, ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही सांभाळणाऱ्या पद्धतीत, असते.

मग नोटपॅडमध्ये उघडा आणि 'रिप्लेस ऑल' ने पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदला. मॅक-लिनक्सवर नेताना उलट्या तिरक्या रेघांच्या सरळ तिरक्या करा. ज्यांना दरवेळी ही कसरत नको, त्यांनी प्लेलिस्ट गाण्यांच्याच मुख्य फोल्डरात ठेवून पत्ता त्या फोल्डरापासून पुढचाच लिहावा. मग ड्राइव्ह कोणताही असो.

एवढे करूनही काही थोडी गाणी सापडत नसतील आणि नाव तर डोळ्यांना तंतोतंत तेच दिसत असेल, तर त्यात 'ऱ' आहे का बघा. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'पहाऱ्यात' मधला. हा वर्ण युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकसंध 'ऱ', किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावे फोडून साठवते, म्हणजे दुसऱ्या रीतीने. प्लेलिस्टमध्ये मात्र पहिली रीत असू शकते. माणसाला फरक दिसत नाही, लिनक्सला दिसतो. प्लेलिस्टमधली ती ओळ खोडून फाइलचे नाव जसेच्या तसे कॉपी-पेस्ट करा. हाताने पुन्हा टाइप करून काही होणार नाही, कारण कीबोर्ड पुन्हा पहिल्याच रीतीने लिहील.

७. टॅग आणि चित्रे

टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या फाइलीतच लिहिलेल्या शीर्षक-गायक-अल्बम या माहितीत, नुसती प्रश्नचिन्हे असतील तर वर सांगितलेलेच लागू: माहिती गेली, पुन्हा भरा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मागे ¤ किंवा येनचे (¥) चिन्ह, पुन्हा तसाच 'ए', अशी रांग दिसत असेल तर आनंद माना. मूळ देवनागरी सहसा शाबूत आहे, फक्त यूटीएफ-८ मजकूर लॅटिन समजून वाचला गेला आहे. कोडपेज बदलण्याची सोय असलेल्या टॅग एडिटरने तो परत येतो. हजार फाइलींवर चालवण्याआधी एका फाइलीच्या प्रतीवर करून बघा. त्यानंतर टॅग आयडी३ (एमपी३च्या टॅगची पद्धत) आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ मध्ये जतन करा. नव्या-जुन्या जवळपास सगळ्या प्लेअरना ते वाचता येते. २.४ ही आवृत्ती काही जुन्या साधनांना कळत नाही, आणि पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघे ३० बाइट्स असतात.

अल्बमचे तुकडे होतात ते बहुधा 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना कोरा असल्याने. सगळ्या गाण्यांना त्यात एकच नाव द्या. चित्रे गेली असतील तर ती गाण्यात नव्हतीच. फोल्डरातल्या लपलेल्या जेपीजी फाइलीत किंवा प्लेअरच्या स्वतःच्या साठ्यात होती. लपलेल्या फाइली दाखवा आणि त्याही आणा.

८. दुबार गाणी

एखादे दुबार गाणे घ्या आणि दोन्ही पत्ते बघा. दोन वेगळे पत्ते असतील आणि एकाच्या शेवटी १ जोडलेला असेल, तर प्लेअरने आयात करताना आपल्या फोल्डरात आणखी एक प्रत केली आहे. सेटिंगमधला 'लायब्ररीत टाकताना फाइल कॉपी करा' हा पर्याय बंद करा, मग नव्या प्रती काढा. एक पत्ता चालू आणि एक मेलेला असेल तर चांदण्या आणि प्लेलिस्ट मेलेल्याकडे आहेत. काढायची ती चालू नोंद, तीही फक्त यादीतून, फाइल कचऱ्यात न टाकता. मेलेल्या नोंदीला मग तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे जिवंत करायचे. उलटे केले की वर्षांची निवड एका क्लिकमध्ये जाते.

९. फाइल जागेवर आहे, तरी वाजत नाही

एक्स्टेन्शन बघा. फ्लॅक असेल आणि प्लेअर ॲपलचा, म्हणजे आयट्यून्स किंवा म्युझिक ॲप, असेल तर तो वाजवणार नाही. त्या फाइली एएलएसी या ॲपलच्या प्रकारात बदला, दर्जा तसूभरही कमी होत नाही. एम४पी असेल तर ते बहुधा आयट्यून्समधून घेतलेले संरक्षित गाणे. २००९पासून तिथली विकत घेतलेली गाणी असे कुलूप न लावता येऊ लागली, पण त्याआधीची अजून संग्रहांत आहेत. ज्या खात्याने घेतले त्या खात्याने 'ऑथराइझ धिस कॉम्प्युटर' करा. मर्यादा पाच कॉम्प्युटरची आहे, म्हणून जुना निकाली काढण्याआधी त्याचे अधिकार काढून घ्या. संरक्षण लावून सीडीवरून उतरवलेल्या डब्ल्यूएमए फाइलींचा परवाना जुन्या कॉम्प्युटरशी बांधलेला असतो. सीडी हाताशी असेल तर पुन्हा उतरवणे हाच शहाणपणा.

फाइलीचा आकार शून्य बाइट असेल, किंवा गाणे मधेच कर्कश होऊन तुटत असेल, तर कॉपी बिघडली आहे. तेवढी पुन्हा आणा. फ्लॅकमध्ये स्वतःची तपासबेरीज (चेकसम) असते, त्यामुळे ती फाइल धड आहे का ते साधनाने नक्की कळते. एमपी३मध्ये तशी सोय नाही.

१०. कॉपी अडकते

आधी केबल बदला, हब काढा, डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडा. यूएसबी २.० वर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३०–४० एमबीच्या आसपास मिळतो, म्हणजे २०० जीबीला दीड-दोन तास लागणारच. अनेक छोट्या फाइली असल्या की आणखी. हा अडकण्याचा प्रकार नव्हे.

खरेच अडकत असेल तर ओढून-टाकून कॉपी सोडा. विंडोजवर रोबोकॉपी, मॅक-लिनक्सवर आरसिंक वापरा. ते झालेल्या फाइली वगळतात आणि न झालेल्यांची नावे सांगतात. रोबोकॉपीला पुन्हा प्रयत्नांची संख्या मात्र स्वतः १ द्या आणि थांबण्याचा वेळही १ सेकंद. काही न सांगितल्यास तो एका अडलेल्या फाइलीवर दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करतो. आणि 'मिरर' पर्याय वापरू नका. लक्ष्य चुकले तर तो तिथले सगळे पुसतो.

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून जोडली आणि 'परवानगी नाही' आले, तर फक्त गाण्यांच्या फोल्डरची मालकी घ्या, अख्ख्या ड्राइव्हची नको. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कचे कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती नसेल तर डिस्क उघडणार नाही.

इथे थांबा

जुनी डिस्क टक-टक आवाज करते, फिरायला लागून पुन्हा बंद पडते, 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' ही चूक वारंवार येते, किंवा स्मार्ट (डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतीच्या) तपासणीत खराब सेक्टरचे आकडे वाढत चालले आहेत: यांपैकी काहीही दिसले की डिस्क बंद करा. 'अजून एकदा बघू' नको, चेकडिस्क तर मुळीच नको. ते मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवते. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. गाणी पुसली गेली असतील आणि ती एसएसडीवर होती, तर त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद करा. ट्रिम या एसएसडीच्या साफसफाईमुळे पुसलेली जागा मागच्या मागे खरोखर रिकामी केली जाते आणि चालू ठेवल्याने उरलेली शक्यताही जाते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारा मॅक सुरूच होत नसेल तरी स्वतः उघडू नका. त्याचा साठा त्याच कॉम्प्युटरच्या चिपशी कुलूपबंद असतो, काढून दुसरीकडे लावून काही वाचता येत नाही.

देताना त्यांना तीन गोष्टी लिहून द्या: फाइल सिस्टीम कोणती, एन्क्रिप्शन आहे का, आणि आधी काय परत हवे. आधी नोंदवहीची फाइल मागा. ती सहसा काही एमबींचीच असते, आणि विकत घेतलेली किंवा सीडीवरची गाणी पुन्हा मिळवता येतात.